सायकलच्या वर्षभराच्या किलोमीटरचा हिशेब का जुळत नाही, आणि उद्दिष्ट ऑगस्टातच का घसरतं?

डिसेंबर संपत आला की हा घोळ ठरलेला. हँडलवरचं मीटर २,९१३ दाखवतं, मोबाइलमधलं अ‍ॅप ३,०८० म्हणतं आणि गूगल शीटमधली बेरीज २,७४० वर अडते. मग त्यातला सगळ्यात मोठा आकडा खरा धरायचा आणि पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट त्यावर बेतायचं, असं बरेच जण करतात. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच.

दुरुस्तीआधी फरकाची जात ओळखा. प्रत्येक राइडमध्ये फरक साधारण त्याच टक्क्यांचा असेल, तर मीटरमध्ये चाकाचा घेर चुकीचा भरलेला आहे. मीटरचा आकडा बरोबर १.६ पटीने कमी असेल तर मीटर मैलांवर आहे, बाकी काही बिघडलेलं नाही. फरक कधी २ टक्के, कधी ३० टक्के असा उड्या मारत असेल तर सेन्सर किंवा जीपीएस. मीटर एका दिवसापासून अचानक शून्य दाखवत असेल तर सेल, वायर किंवा उलटं बसवलेलं चाक. आणि रोजचे आकडे बरोबर असून फक्त महिन्याची किंवा वर्षाची बेरीज चुकत असेल, तर सायकलला हात लावू नका. दोष शीटमध्ये आहे.

चाकाचा घेर

मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतं आणि त्यांना आपण भरलेल्या घेराने गुणतं. घेर चुकला की आयुष्यभर प्रत्येक किलोमीटर तेवढाच चुकतो. दुकानात मीटर बसवताना बहुतेक वेळा कंपनीने आधीच भरलेला आकडा तसाच सोडला जातो, किंवा टायरवर न बघता अंदाजाने काही तरी टाकलं जातं.

टायरच्या बाजूला छापलेला आकार वाचा. मीटरच्या पुस्तिकांमध्ये येणारे घेर मिलिमीटरमध्ये असे आहेत: ७००×२५ साठी २१०५, ७००×२८ साठी २१३६, ७००×३२ साठी २१५५, ७००×३५ साठी २१६८, ७००×३८ साठी २१८०. एमटीबीमध्ये, म्हणजे जाड टायरच्या डोंगरी सायकलीत, २६×१.९५ साठी २०५०, २६×२.१ साठी २०६८, २७.५×२.१ साठी २१४८, २९×२.१ साठी २२८८. हायब्रिड सायकलला ७००×३५ टायर असताना मीटरमध्ये २१०५ भरलेलं असेल, तर ३,००० किलोमीटर चालवल्यावर मीटर साधारण २,९१३ दाखवेल. उलट २७.५ च्या सायकलला २९ चा घेर भरला असेल तर मीटर साडेसहा टक्के जास्त दाखवतं, आणि अशी तक्रार घेऊन मात्र कोणी येत नाही.

काही मीटर घेर सेंटिमीटरमध्ये मागतात. तिथे २१६८ नाही, २१७ भरायचं.

तक्ता ही सुरुवात. तुमचा टायर, तुमची हवा आणि तुमचं वजन यांचा खरा घेर जमिनीवरच मोजावा लागतो, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात. आधी नेहमीची हवा भरा. सिमेंटच्या सपाट रस्त्यावर खडूने एक रेघ मारा आणि पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर तळाशी, त्या रेघेवर आणा. सीटवर बसा, एकाने मागून धरावं, आणि सरळ रेषेत पुढच्या चाकाच्या ३ फेऱ्या होऊ द्या. व्हॉल्व्ह तिसऱ्यांदा तळाशी आला की तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर पोलादी टेपने मोजा आणि ३ ने भागा. ६,४८० मिलिमीटर आलं तर घेर २१६०. सायकल हाताने ढकलत नेऊन मोजू नका. बसल्यावर टायर दबतो आणि घेर काही मिलिमीटरने कमी होतो. मोजायचं पुढचंच चाक, कारण सेन्सर तिथे असतो. घेरात १० मिलिमीटरची चूक म्हणजे जवळपास अर्धा टक्का, ३,००० मध्ये साधारण १४ किलोमीटर. त्यामुळे २ मिलिमीटरसाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

पडताळणी रस्त्यावर करायची. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांचा उपयोग इथे होतो: राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. मधले छोटे दगड २०० मीटरचे. नागपुरात काटोल रोड किंवा अमरावती रोडवर शहराची गर्दी मागे टाकल्यावर, रविवारी सकाळी, सलग ५ किलोमीटर घ्या. एकाच किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, रुंदीकरणात एखादा दगड हललेला असतो. पहिल्या दगडापाशी मीटरवरचा ट्रिपचा (त्या फेरीपुरता) आकडा शून्य करा, पाचव्या किलोमीटरला आकडा बघा. मीटर ४.८५ दाखवत असेल आणि भरलेला घेर २१०५ असेल तर नवा घेर: २१०५ गुणिले ५ भागिले ४.८५, म्हणजे २१७०. हा आकडा जमिनीवर मोजलेल्या घेराच्या अर्ध्या टक्क्याच्या आत आला तर तुमचं मीटर शहरातल्या कुठल्याही फोनपेक्षा भरवशाचं झालं. शहरातला झीरो माइलचा दगड या कामाला चालत नाही, हे सांगावं लागतं. तिथे फोटो काढावा.

मागची नोंद सुधारायची तर प्रत्येक राइड खोडत बसू नका. चुकीच्या घेराने झालेले एकूण किलोमीटर घ्या, नवा घेर भागिले जुना घेर या गुणोत्तराने गुणा आणि येणारा फरक ‘दुरुस्ती’ नावाने एका ओळीत, तारखेसह टाका. टायर बदलला की घेर पुन्हा मोजा. लोक इथेच विसरतात: ३५ चा टायर काढून ३२ चा घातला आणि मीटर जुन्याच घेरावर चालत राहिलं.

मीटर मध्येच थांबतं किंवा वेड्यासारखं पळतं

आधी एक साधी गोष्ट बघा. पंक्चरवाल्याकडे पुढचं चाक काढून परत बसवताना उलटं बसलं का? रिम ब्रेकच्या सायकलीत चाक दोन्ही बाजूंनी बसतं, आणि मग आऱ्यावरचं चुंबक सेन्सरच्या उलट बाजूला जातं. मीटर शून्य. नवीन मीटर विकत घेण्याआधी चाक फिरवून लावा. डिस्क ब्रेकमध्ये ही भानगड होत नाही.

चाक बरोबर असेल तर चुंबक आणि सेन्सर यांच्यातली फट ३ ते ५ मिलिमीटर हवी. सेन्सरवर एक खूण असते, चुंबक तिच्यासमोरूनच गेलं पाहिजे. फट जास्त असेल तर सेन्सर आणि चुंबक दोन्ही हबच्या दिशेने खाली सरकवा. खाली आरे बाहेरच्या बाजूला येतात आणि फोर्कच्या, म्हणजे सेन्सर बांधलेल्या दांड्याच्या, जवळ जातात. झिप टाय सैल झाली की खड्ड्यांच्या रस्त्यावर सेन्सर हळूहळू वळतो, म्हणून झिप टायखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

तपासणी अशी: पुढचं चाक उचला, ट्रिप शून्य करा आणि हाताने मोजून ५० फेऱ्या द्या. २१६८ घेराला १०८ मीटर होतात, म्हणजे मीटरवर ०.१० किंवा ०.११ दिसायला हवं. ०.०६ दिसलं तर जवळपास निम्म्या फेऱ्या गळतात. ०.२० च्या आसपास दिसलं तर सेन्सर एकच फेरी दोनदा मोजतो आहे. आधी चुंबक थोडं सरकवून बघा, फरक पडला नाही तर सेन्सर बदला.

वायरच्या मीटरमध्ये ब्रेकच्या केबलला गुंडाळलेली वायर हँडल वळवताना ताणली जाते आणि आतून तुटते. बाहेरून वायर धडधाकट दिसते. हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे वळवून चाक फिरवा. एका बाजूला वेग जात असेल तर वायर गेली. जुलै-ऑगस्टात आणखी एक: मीटर ज्या बैठकीत बसतं तिथल्या धातूच्या टिकल्यांवर हिरवट थर येतो. खोडरबराने घासा आणि कोरड्या फडक्याने पुसा.

वायरलेस मीटर मध्येच ८०-९० चा वेग दाखवत असेल तर शेजारच्या एलईडी दिव्यावर संशय घ्या. स्वस्त दिव्यांच्या सर्किटचा रेडिओ गोंगाट साध्या वायरलेस मीटरला फेऱ्यांसारखा वाटतो. दिवा बंद करून त्याच रस्त्याने जा. वेग ठीक झाला तर दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला न्या. आणि सेन्सर व मीटर यांच्यात ६०-७० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका.

सेल सीआर२०३२ असतो. तो बदलला की अनेक मीटरमधला एकूण आकडा पुसला जातो. बऱ्याच मीटरमध्ये जुना आकडा परत भरायची सोय असते, पण तो लिहून ठेवलेला हवा ना. दर महिन्याच्या १ तारखेला मीटरचा फोटो काढा, बस. मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलचा मीटरचा पडदा पूर्ण काळा पडतो, तेव्हा सेल काढू नका. एलसीडी तापली आहे. सावलीत आली की पूर्ववत होते, आणि सेल काढलात तर आकडा जायचा.

मोबाइल जास्त का दाखवतो, आणि कधी कमी का

नकाशावर लांब सरळ रेघ दिसली, तलाव ओलांडून गेल्यासारखी, तर फोनने अ‍ॅपला मध्येच झोपवलं आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, बॅटरी या वाटेने जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, लोकेशनची परवानगी अचूक ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ‘ऑटो स्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू लागतं. फोन अपडेट झाला की या सेटिंग्ज पुन्हा तपासा.

वर्धा रोडवर अजनी ते विमानतळ या पट्ट्यात डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. खालच्या रस्त्याने जाताना आकाश झाकलं जातं, जीपीएस अडखळतो आणि रेघ कधी डावीकडच्या दुकानांतून, कधी उजवीकडच्या घरांतून जाते. आता गंमत बघा: सरळ रस्त्यावर सिग्नल पूर्णपणे गेला आणि अ‍ॅपने दोन टोकं सरळ जोडली, तर अंतरात जवळपास काहीच तोटा होत नाही. नुकसान अर्धवट सिग्नलमुळे होतं, कारण वाकडीतिकडी रेघ नेहमी लांब असते. सेमिनरी हिल्समध्ये उलटं घडतं. झाडी आणि वळणं, त्यात फोन काही सेकंदांनी एकदा बिंदू टिपत असेल तर प्रत्येक वळणाचा कोपरा कापला जातो आणि अंतर कमी भरतं. नोंद दर सेकंदाला करण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

तिसरी जागा म्हणजे तर्री-पोह्यांची टपरी. अर्धा तास गप्पा, फोन खिशात, राइड चालूच. उभ्या फोनची जागा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे हलवत राहतो आणि त्या हालचालीची बेरीज होते. थांबल्यावर नोंद आपोआप थांबवणारं ‘ऑटो पॉज’ चालू ठेवा. त्याचा तोटा एवढाच की सिग्नलवरून निघताना पहिले काही मीटर सुटतात.

फुटाळा तलावावर पोहोचून लगेच ‘स्टार्ट’ दाबायचं आणि निघायचं, यात पहिला अर्धा किलोमीटर भलतीकडे जातो. उघड्या आकाशाखाली मिनिटभर थांबा. उन्हाळ्यात फोन हँडलवर लावू नका. आयफोनसाठी कंपनीने दिलेली हवेच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश आहे आणि आपल्याकडे एप्रिलात सकाळी नऊलाच तिच्या जवळ जायला होतं. पडदा बंद करून फोन पाठीच्या खिशात.

परतीचा प्रवास गाडीच्या कॅरियरवर झाला आणि राइड बंद करायची राहिली, तर त्या दिवशीचा कमाल वेग ७०-८० दिसेल. अ‍ॅपमध्ये ती राइड कापता येते. महिन्यातून एकदा राइड कमाल वेगाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या तीन बघा. चुकलेल्या नोंदी तिथेच सापडतात. तसंच घड्याळ आणि फोन दोन्हींवर नोंद करणाऱ्यांच्या राइड कधी कधी दोनदा चढतात. सुरुवातीची वेळ दोन-तीन मिनिटांच्या फरकाने सारखी असेल तर एक उडवा.

मीटरचा घेर नीट भरलेला असेल तर अंतरासाठी मीटरच प्रमाण माना, फोन फक्त नकाशासाठी. दोघांची सरासरी काढणं हा सगळ्यात वाईट मार्ग: त्यात दोन्हींच्या चुका येतात आणि कुठलीच शोधता येत नाही. एक अपवाद, ट्रेनरवर (घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) फक्त मागचं चाक फिरतं, पुढच्या सेन्सरला काहीच कळत नाही. घरातले किलोमीटर वेगळ्या स्तंभात ठेवा.

शीटमधली बेरीज

इथल्या चुका दिसत नाहीत, म्हणून सगळ्यात जास्त वेळ खातात.

मराठी कीबोर्डवरून ‘४२’ असं टाकलं तर शीटला तो आकडा न वाटता मजकूर वाटतो आणि बेरीज तो खाना मुकाट्याने सोडून देते. ओळखायची खूण: आकडे खान्यात उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे. किलोमीटरच्या स्तंभात डावीकडे चिकटलेले खाने शोधा आणि तेवढे इंग्रजी अंकांत परत टाका. ‘२३ किमी’ असं एकक लिहिलेल्या खान्यांचंही तेच.

तारखा दुसरा सापळा. शीटचं लोकेल (तारीख कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायची ती सेटिंग) अमेरिकेचं असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून न होता ६ मे होतो, आणि १३ तारखेपासून पुढचे दिवस तारीख म्हणून ओळखलेच जात नाहीत. परिणाम असा की महिन्यांच्या बेरजा विस्कटतात आणि अर्ध्याहून जास्त राइड कुठल्याच महिन्यात पडत नाहीत. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा, मग तारखा पुन्हा भरा. आधीच चुकून बदललेल्या तारखा लोकेल बदलल्यावर आपोआप सुधारत नाहीत.

तिसरा सापळा खास पहाटे निघणाऱ्यांचा. स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपमधून सगळ्या राइडची फाइल उतरवली की वेळा यूटीसीमध्ये येतात, भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे ५ ची राइड आदल्या दिवशीच्या रात्री ११:३० ची दिसते. म्हणजे साडेपाचच्या आत निघालेली प्रत्येक राइड आदल्या तारखेला जाते, १ जानेवारीची राइड गेल्या वर्षात जमा होते. ‘वर्षात किती दिवस चालवली’ हे मोजणाऱ्यांचा तोटा आणखी मोठा: मंगळवार संध्याकाळची आणि बुधवार पहाटेची राइड एकाच तारखेला पडतात आणि दोन दिवसांचा एक दिवस होतो. उपाय एका ओळीचा. तारखेच्या खान्यात ५.५ भागिले २४ मिळवून नवा स्तंभ करा आणि सगळ्या बेरजा त्या स्तंभावर लावा. त्याच फाइलमध्ये अंतराचे दोन स्तंभ असतात, एक किलोमीटरमध्ये, एक मीटरमध्ये. कुठला उचलला ते बघून घ्या.

दोन सायकली असतील तर प्रत्येकीचा स्तंभ वेगळा. चेन आणि टायर सायकलीबरोबर झिजतात, मालकाबरोबर नाही.

उद्दिष्ट ऑगस्टात का कोलमडतं

कारण ते १२ ने भागलेलं असतं. अ‍ॅपमधली प्रगतीची रेघ वर्षभर सारख्या चढाने जाते, नागपूरचं वर्ष तसं जात नाही. मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, मग नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), मग जूनच्या मध्यात पाऊस, आणि जुलै-ऑगस्टचे पाण्याने भरलेले खड्डे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र सकाळी गार हवा असते आणि किलोमीटर आपोआप पडतात. वर्षाचे अर्ध्याहून जास्त किलोमीटर या पाच महिन्यांतच ठेवायला हवेत.

३,००० किलोमीटरची नागपुरी वाटणी साधारण अशी बसते: जानेवारी ३४०, फेब्रुवारी ३२०, मार्च २६०, एप्रिल १८०, मे १२०, जून १६०, जुलै १८०, ऑगस्ट २००, सप्टेंबर २४०, ऑक्टोबर ३१०, नोव्हेंबर ३४०, डिसेंबर ३५०. या हिशेबाने ऑगस्टअखेर तुम्ही १,७६० वर असायला हवं. अ‍ॅप तेव्हा २,००० मागत असतं आणि ‘२४० किलोमीटर मागे’ असं लाल अक्षरांत सांगतं. तुम्ही मागे नसताच. ती रेघ बघून ऑगस्टात ओल्या रस्त्यावर रोज ४० किलोमीटर मारायला जाणं आणि गुडघा धरून सप्टेंबर घरी काढणं, हा दरवर्षीचा प्रकार आहे. अ‍ॅपची रेघ दुर्लक्षित करा, शीटमध्ये महिन्याची स्वतःची रेघ काढा.

खरोखर मागे पडलात तर तूट दिवसांत मोजा. समजा सप्टेंबरअखेर २,००० ऐवजी १,७८० झाले. उरले १,२२०. ऑक्टोबर ते डिसेंबर दिवस ९२, पण त्यातले चालवायचे दिवस किती? आठवड्याला साडेचार धरले तर साधारण ६०. यातून दसरा-दिवाळी आणि दीक्षाभूमीच्या गर्दीचे दिवस वजा झालेत का बघा; डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर सिव्हिल लाइन्सकडून जाणाऱ्यांनी बंदोबस्ताचे दिवसही धरावेत. १,२२० भागिले ६० म्हणजे दिवसाला २० किलोमीटर, १८ च्या वेगाने एक तास सात मिनिटं. आत्ता रोज १५ होत असतील तर हे जमण्यासारखं आहे, शिवाय रामटेकची एक फेरी जाऊन-येऊन शंभराच्या घरात जाते. रोज ८ होत असतील तर उद्दिष्ट २,३०० करा आणि तारीख टाकून तसं लिहा.

वर्ष कुठलं, हेही ठरवा. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर चालतो. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइडचा संच या हंगामात बसवायचा असेल तर त्याची बेरीज कॅलेंडर वर्षात मिसळू नका.

फक्त किलोमीटरच्या मागे लागून लोक ओळखीच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारत बसतात. त्यापेक्षा एडिंग्टन क्रमांक बरा: किमान ‘क’ किलोमीटर असलेले ‘क’ दिवस. आर्थर एडिंग्टन हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ सायकलवेडे होते, त्यांचा स्वतःचा क्रमांक मैलांत ८४ होता. काढायला सोपा आहे: वर्षाच्या रोजच्या बेरजा उतरत्या क्रमाने लावा, शेजारी १, २, ३ असे अनुक्रम टाका, आणि अनुक्रम किलोमीटरपेक्षा मोठा होण्याआधीची शेवटची ओळ बघा. ३२ व्या ओळीला ३२.४ आणि ३३ व्या ओळीला ३१ असेल तर क्रमांक ३२. एका वर्षात ३० ते ४० हे नोकरी करणाऱ्यासाठी चांगलं उद्दिष्ट आहे. १०० च्या चार राइड मारूनही हा क्रमांक फारसा हलत नाही.

३१ डिसेंबरला शेवटची राइड झाली की मीटरचा एकूण आकडा, भरलेला घेर, टायरचा आकार आणि सेल बदलल्याची तारीख एकाच ओळीत लिहा आणि मीटरचा फोटो काढा. मीटरचा आकडा तसाच पुढे चालू द्या, शून्य करू नका. पुढच्या वर्षाची बेरीज वजाबाकीने काढायची.